मुक्या खेचरांचे आबा

आमच्या गावचे गाडीवान आबा बैलांवर कधी ओरडले नाहीत. चढ आला की आम्ही बाकीचे गाडीवान घसा फोडायचो, शेपट्या पिळायचो. आबा नुसते खाली उतरून जोडीच्या पुढे चालू लागत आणि बैल मुकाट मागे येत. मी तिसरीतून शाळा सोडली, पण बैल मला कळतात. असा गाडीवान मी दुसरा पाहिला नाही.

मोठ्या लढाईत आबा ब्रह्मदेशात खेचरं हाकायला होते. लढाईचं विचारलं की एकच गोष्ट सांगत. जंगलात खेचर ओरडलं की जपान्यांना पत्ता लागायचा. म्हणून जनावरांच्या डॉक्टरने खेचरांचे गळे आतून कापून त्यांचा आवाजच काढून टाकला. "मन्ही खेचरीनं डोकं मीच धरेल व्हतं," आबा म्हणत. "ती उठनी, तोंड उघाडं, आवाजच नही. तवयपासून कोन्ताच जनावरवर माले वरडता येत नही."

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या साली पंधरा ऑगस्टला शाळेच्या गुरुजींनी ठरवलं, पलटणीतून आलेल्यांना झेंड्याजवळ खुर्चीवर बसवायचं. आबा धुतलेली टोपी घालून आले.

"बंदूक चालवली का, आबा?" पाटलांनी विचारलं.

"नही. बंदूकवालास्ना दानागोटा वाह्या." आणि आबांनी खेचरांची गोष्ट काढली.

मी मोठ्याने म्हणालो, "अन् कोंबड्यांच्या चोचीही शिवल्या असतील!" लोक लोटपोट झाले. थापाड्या माणसाला कसली खुर्ची, म्हणून आबांची खुर्ची उचलली. झेंडावंदन होईपर्यंत ते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे नेहमीसारखीच तंबाखू मागितली.

त्या हिवाळ्यात मी कापूस घेऊन चाळीसगावला गेलो. स्टेशनाजवळ लष्कराचे डबे उभे होते. जवान खेचरं उतरवून पाण्यावर नेत होते. एक खेचर मागे राहिलं. त्याने मान ताणली, दात दिसेपर्यंत तोंड उघडलं, पोट भात्यासारखं हललं. आवाज नाही. नुसती हवा.

"बीमार है क्या?" मी विचारलं.

"बर्मा का है, भाई," जवान म्हणाला. "इनका गला कटा हुआ है."

बरोबर कोणी नव्हतं. गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. आणि माफी मागणं आमच्या घरात नाही. पण गावात आलो तो बैल न सोडता थेट चावडीवर गेलो, पाहिलं ते सगळ्यांसमोर सांगितलं.

"आबानं किती पाजली रे?" पाटील म्हणाले. मी बैलांच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली, तसे लोक जास्तच हसले. थापाडे दोन झाले.

आबा कोपऱ्यात बसले होते. बाहेर येऊन त्यांनी माझ्या गाडीचं जू धरलं. "भाऊ, कशाले सांगं? आते तुले बी बठ्ठा लोक हसतीन."

"हसू द्या."

 मग आबांनी हळूच विचारलं, "तोंड उघाडं व्हतं का त्यानी?"

"उघडलं होतं."

आबांनी मान हलवली आणि घरी गेले.

खुर्ची त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही. वारले त्या साली ते माझ्या ओट्यावर येऊन बसत. आपल्या खेचरीचं नाव त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते मला सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही.