टाकीचं झाकण

अचलपूरच्या रस्त्याला धर्मपाल तायडेचं दुकान म्हणजे चार पत्रे, एक वाइस आणि तेलानं काळी पडलेली जमीन. पाटी नाही. डिझेल इंजिन बंद पडलेल्या माणसाला पाटी लागतही नाही, तो विचारत विचारत बरोबर तिथेच पोचतो. तीस वर्षांत पंपाची, थ्रेशरची, जनरेटरची किती इंजिनं त्याच्या हाताखालून गेली याचा त्याला पत्ता नव्हता. गिऱ्हाइकाला मात्र तो एक धडा हमखास ऐकवायचा, मग त्याला घाई असो नसो.

"डिझेल ज्या रस्त्यानं जाते, त्याच रस्त्यानं आपण जा लागते. आधी टाकी पाय. मंग नळी, मंग फिल्टर, मंग पंप. इंजिनाले शेवटी हात लाव."

लोक कंटाळून मान हलवायचे.

वाघझरी हे गाव धरणाच्या पाण्यापलीकडे. जुना रस्ता पाण्याखाली गेला आणि नवा रस्ता पावसाळ्यात नाल्यावर अडतो, म्हणून ग्रामपंचायतीनं एक लोखंडी बोट केली आणि तिच्यावर शेतातलं जुनं डिझेल इंजिन बसवलं. चालवायला जानराव. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, इंजिन खोकलून राहिलं. धर्मपाल सकाळीच पोचला आणि स्वतःच्या धड्याप्रमाणे टाकीपासून सुरुवात केली. डिझेलच्या तळाशी वाटीभर पाणी निघालं. पावसाचं पाणी झाकणातून आत गेलं होतं. झाकण गंजानं खाल्लेलं, मधोमध भोक. ते भोकही गंजाचंच, असं त्यानं धरलं आणि एम-सील मळून बुजवून टाकलं. झाकण दगडावर वाळत ठेवलं, टाकीच्या तोंडाला फडकं बांधलं, गळ्यापर्यंत नवं डिझेल भरलं आणि तासभर इंजिन चालवून पाहिलं. कुठे अडखळलं नाही.

निंदणाला निघालेल्या चतुराबाईनं वाटेत त्याला चहा आणून दिला. नात्यागोत्याची नव्हे, पण माहेर अचलपूरकडचं, म्हणून ती त्याला भाऊ म्हणायची आणि तिचा मुलगा नितेश त्याला मामा म्हणायचा.

"आता नाई ना खोकलत, भाऊ?"

"आता पाय तू," धर्मपाल म्हणाला. त्याला आपल्या हाताचा अभिमान होता आणि तो लपवायची सवय नव्हती.

दुपारी सील दगडासारखं झालं. त्यानं झाकण स्वतः आवळलं, हत्यारं गोळा केली आणि जायला निघाला, तेवढ्यात नितेश आईला पाठुंगळी घेऊन धावत काठावर आला. सोयाबीनमध्ये तिला पान लागलं होतं. चावलेला नाग नितेशनं डोळ्यांनी पाहिला होता. पलीकडच्या काठावर गाडी उभी करायला फोन झाला आणि जानरावनं तिघांना घेऊन बोट सोडली. पाणी ओलांडायला बावीस मिनिटं लागतात.

दहाव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं.

धर्मपालनं फिल्टरचा स्क्रू सैल केला. डिझेल यायला हवं होतं, आलं नाही.

"हवा पकडली, नळीत घुसली," तो म्हणाला.

"टाकी पायता का एकडाव?" जानरावनं विचारलं.

"टाकी सकाळी म्या माह्या हातानं धुतली. तू वल्हं मार."

वल्हं एकच होतं. त्या जड लोखंडाला ते काय हलवणार, बोट जागच्या जागी फिरत राहिली. धर्मपालनं फिल्टर उघडला, नळी फुंकली. टाकीत बुडबुडे गेले आणि डिझेल वाहू लागलं. त्याला वाटलं, कचरा अडकला होता, गेला. हवा काढून हँडल मारलं, इंजिन सुरू झालं. चार मिनिटं चाललं आणि पुन्हा मेलं.

मग त्यानं पंप खोलला. मग वरची नळी. एक वॉशर पाण्यात गेला, दुसरा शोधण्यात वेळ गेला. नितेश मागून सारखा विचारत होता, किती वेळ, मामा, किती वेळ. चतुराबाईच्या पापण्या खाली यायला लागल्या होत्या. तिनं जड जिभेनं विचारलं, "भाऊ, होते ना सुरू?"

"होते, बाई. झालंच."

ते तिचं शेवटचं बोलणं. पुढे तिला बोलता येईना, मग लाळ गिळता येईना.

खोलण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यानं टाकीच्या झाकणाला हात घातला. ते घट्ट बसलं होतं. फिरवलं तशी टाकीनं सूं करून हवा आत ओढली आणि खाली उघड्या नळीतून डिझेल भळाभळा वाहू लागलं. धर्मपाल तसाच बसून राहिला. जेवढं डिझेल बाहेर जाईल, तेवढी हवा आत यावी लागते. ती येण्यासाठीच झाकणाला ते भोक होतं. हे तो नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचा.

झाकण त्यानं खिशात टाकलं, टाकीच्या तोंडाला पुन्हा फडकं बांधलं आणि खोललेलं सगळं जोडून इंजिन सुरू केलं. बोट काठाला लागली तेव्हा एक तास होऊन गेला होता. गाडीत घालताना चतुराबाईचा श्वास चालू होता, दवाखान्याच्या दारात नव्हता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणली असती तर.

काठावर लोकांनी विचारलं तेव्हा धर्मपाल एवढंच म्हणाला की इंजिनानं हवा पकडली होती. खोटं नव्हतं ते. पण अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं लोकांनी आपल्या मनानं भरलं. जानराव बोटीचं डिझेल चोरून विकतो, टाकीत रॉकेल नाहीतर पाणी भरतो. आठवड्यात गावात त्याच्याशी कोणी बोलेना. दोघा-तिघांनी त्याला चावडीवर धरून मारलं. धर्मपालच्या कानावर सगळं येत होतं. झाकण गल्ल्याच्या खणात होतं आणि तो खण उघडत नव्हता. लाज वाटत होती त्याला, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. तीस वर्षांचं नाव होतं, दुसरं काही कमावलेलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी ग्रामसभेचा निरोप आला. जानरावला काढायचं आहे, पोलिसांतही द्यायचं आहे, डिझेलात भेसळ होती एवढं तुम्ही येऊन सांगा.

तो गेला. समाजमंदिरात सतरंजीवर माणसं बसली होती. जानराव दाराशी, एक डोळा अजून सुजलेला. पुढे नितेश, डोकं भादरलेला.

"डिझेलात काई नव्हतं," धर्मपाल म्हणाला आणि झाकण सतरंजीवर ठेवलं. "हे भोक म्या बुजवलं. हवा जायले रस्ता नाई ठेवला. जानराव मले म्हणत होता, टाकी पाय. म्या नाई पायली."

नितेशनं झाकण उचललं, अंगठ्यानं ते बुजलेलं भोक चाचपलं.

"मामा, हे खोलाले किती टाइम लागते?"

खरं तर याच प्रश्नाला तो पंधरा दिवस घाबरत होता.

"एक मिनिट बी नाई लागत," तो म्हणाला.

नितेशनं झाकण त्याच्या हातात परत दिलं आणि बाहेर निघून गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं धर्मपालला वाटलं. हळूहळू बाकीचेही उठले. जानरावला कोणी काही म्हटलं नाही, माफीही मागितली नाही.

आता गावातून परत जायचं तर बोट एकच. जानरावनं दोर सोडला. टाकीच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं, त्या दिवसापासून तसंच. धर्मपाल मागच्या फळीवर बसला. ज्या जागी त्यांची बोट फिरत राहिली होती, ती जागा आली आणि गेली. जानरावनं त्याच्याकडे पाहिलं नाही. इंजिन कुठेही थांबलं नाही. बावीस मिनिटांत काठ लागला.