उचललेला हात

कुणी ‘वेठ मारली’ म्हटलं की दादाराव गुरुजींचा हात वर जायचा. बोलणारा विद्यार्थी असो की सरपंच, "थांब," म्हणायचे. "वेठीले कोनाले धरत होते, माईत हाय काय तुले?"

आदिलाबादजवळच्या जैनथच्या शाळेत ते आम्हाला मराठी शिकवायचे. कसंतरी उरकलेल्या कामाला आमच्याकडे सगळेच ‘वेठ मारली’ म्हणतात. शिवी म्हणून नाही, सहज. गुरुजींना ते सहजपणच चालत नसे. निजामाच्या काळात अंमलदार दौऱ्यावर आला की चावडीवरून हुकूम निघायचा आणि महारवाड्यातल्या माणसांना फुकट ओझी वाहावी लागायची. गुरुजींच्या वडिलांनी तहसीलदाराचा पलंग पैनगंगेपर्यंत वाहिला होता. एकदा नव्हे, दर दौऱ्याला. खांद्यावरचा घट्टा मरेपर्यंत गेला नाही.

"उतारावर पलंग मुद्दाम आदळे माहा बाप," गुरुजी सांगत. "पलंगाचा खूर मोडला. तवा साहेब वरडला, ‘वेठ मारतं काय बे!’ फुकट राबवतं अन् वरून काम नेटकं मांगतं? तो बोल त्यायचा हाय. आपन काऊन बोलाव?"

गुलामी संपली म्हणणाऱ्यांनी आधी आपली जीभ तपासावी, असं मी अजूनही म्हणतो. ते गुरुजींकडूनच आलं.

कॉलेजात असताना मी मजुरांच्या मागण्यांचं पत्रक काढलं. ‘सरकारने मजुरांना वेठीस धरले आहे.’ आदिलाबादेत छापून थेट गुरुजींपुढे ठेवलं. त्यांनी अख्खं वाचलं.

"बराबर लिवलं. मोर्च्यानं बस अडली तर पेपरवाले लिवतात, प्रवाशायले वेठीस धरलं. प्रवाशाच्या डोक्शावर पलंग होता काय?"

"पोरगं उपाशी हाय," चुलीपुढून सुमनकाकू, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. "चहा घेऊ द्या त्याले, मंग उचला तुमचा पलंग."

गुरुजी हिवाळ्यात गेले. बुद्धविहारात शोकसभा होती. मला काहीच वाटत नव्हतं. बंद पंख्याच्या पात्यावरची धूळ बघत बसलो होतो. त्रिसरण झालं. शाळेचे नवे हेडमास्तर उठले. मनापासून बोलत होते.

"दादाराव गुरुजींनी आयुष्यात कधी वेठ मारली नाही."

मी वाट पाहत राहिलो. कशाची, ते जरा वेळानं कळलं.

पुढे बसलेल्या सुमनकाकूंनी हात वर केला. सकाळपासून त्या रडल्या नव्हत्या, बोलल्याही नव्हत्या. कुणीतरी लगबगीनं पाणी आणून दिलं. घोटभर पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला आणि हात परत वर केला.

हेडमास्तर थांबले.