चौधारीचं बी

माझ्या नवऱ्याला माझ्या सगळ्या लबाड्या ठाऊक होत्या, अगदी दुधावरची साय कोण खातं इथपासून. ही एक तेवढी त्यांच्यापासूनही लपवली. आता ते नाहीत, सासूबाई नाहीत, माझे दातही नाहीत. मग तुम्हाला सांगायला कसली भीती?

तर — चौधारी घेवडा. पाहिलाय कधी? शेंगेला चारी बाजूंनी झालर, परकराला लावतात तशी. पेठ वडगावच्या अलीकडे आमचं गाव. गावात हा वेल कुणाकडेच नव्हता. कोकणातल्या मावशीनं मला मूठभर बी पदरात बांधून दिलं होतं. बी भिजत घालायचं, मृगात आळ्यात टोकायचं, मांडव मात्र भक्कम हवा. दिवाळीच्या सुमाराला निळी फुलं, मग शेंगाच शेंगा. कोवळा पाला भाजीला, फुलं भज्यांना, शेंग कूट घालून, जून बी उसळीला. मुळाशी गड्डे धरतात, तेही उकडून खायचे. टाकायचं काहीच नाही.

आणि माझा तोरा! बायका शेंगा मागायला दारात उभ्या, मी जणू सरपंचीण. पस्तिशीची बाई, दोन लेकरांची आई — आणि मिरवायला काय, तर घेवडा.

भिंतीपलीकडे धाकटी जाऊ, सुमन. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. संक्रांत जवळ आली तशी म्हणाली, "अक्का, मला दुसरं काय नगं. वाण म्हणून चौधारीचं बी द्या की." शेजारणींसमोर म्हणाली. वाणाला नाही कसं म्हणणार?

दिलं. ओंजळभर दिलं. पण आदल्या दिवशी — सांगूनच टाकते — ते बी चहाच्या पातेल्यात घालून दोन उकळ्या आणल्या. उन्हात वाळवलं. चकाकावं म्हणून तेलाचं बोट फिरवलं. आणि हळदीकुंकू लावून तिच्या ओटीत घातलं. एवढी अक्कल देवानं दिली, ती कुठं वापरली बघा!

मृगात सुमननं आळी केली, शेणखत घातलं, बी टोकलं. रोज सकाळी वाकून बोटानं माती उकरून बघायची. मी भिंतीआडून बघायचे. हसायचे — हो, हसायचे.

आमच्या घरात रब्बीच्या पेरणीची पहिली मूठ सुनेच्या हातानं पडायची. त्या साली ती सुमनच्या हातानं टाकायची, असं सासूबाईंनीच ठरवलं होतं. नवी चोळी शिवून तयार होती. पण पेरणीच्या सकाळी त्या तिच्या रिकाम्या आळ्यांपाशी उभ्या राहिल्या. "बी एकच. थोरलीच्या हातानं मांडव वाकतोय, आन् हिच्या हाताला एक कोंब न्हाय. मूठ थोरलीच धरंल."

सुमननं आपले तळवे उलटून पाहिले. मग हात पदराखाली घेतले.

एक वाक्य पुरलं असतं. बी उकडलेलं होतं, एवढंच. माझी जीभ कधी कुणासमोर अडली होती का? मी टोपली घेतली आणि शेताकडे निघाले. त्या साली, पुढच्या साली, वाटण्या होईपर्यंत दर साली.

सुमननं पुन्हा काही लावलं नाही. तिच्या अंगणातली तुळससुद्धा मला बोलावून लावून घेतली. गेले, लावली, वर चहा पिऊन आले.

पुढं बऱ्याच वर्षांनी माझी एक वाळकी शेंग तडकली आणि बी भिंतीपलीकडे उडालं. न विचारता उगवलं, तिच्या शेवग्यावर चढलं, शेंगांनी लगडलं. ती मला म्हणाली, "वेल तुमचाच हाय, अक्का. माझ्या हातचा नव्हं, म्हणून तर आलाय की." तेव्हापासून वेलाचा पहिला तोडा ती माझ्याकडे पाठवत नाही — स्वतः घेऊन येते.

कालच आली होती. सुपात कोवळ्या, करकरीत शेंगा. तिचे हात आता माझ्यासारखेच सुरकुतलेत. मी म्हणाले, "ठेव तिथं चुलीपाशी."

ती गेल्यावर कूट घालून भाजी केली. भाकरी कुस्करून पोटभर खाल्ली. चांगली झाली होती.