मातीच्या दोन टोपल्या

कॉलेजच्या लायब्ररीत सध्या मी जुन्या काळातल्या रहस्यकथा वाचते. त्यांत आत्म्यांना बोलावून चोर शोधणारी एखादी बाई असते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे पुस्तकांविषयी घरी फारसं बोलता येत नाही. पण अशी बाई मी पाहिलेली आहे, एवढं सांगायचं धाडस करते.

आसेगावजवळच्या आमच्या गावात तिला सगळे देवीची माय म्हणायचे. मंगळवारी तिच्या अंगात यायचं. काही हरवलं की लोक तिच्याकडे जायचे. ती आता नाही. तिच्या दारावरून जाताना मला उगाच कापराचा वास आल्यासारखा वाटतो.

मी तेव्हा चौथीत होते. पाटलांच्या घरी लग्न होतं. हळद लावताना नवरीने अंगठी काढून वाटीत ठेवली आणि ती नाहीशी झाली. अंगणात आई आणि आमच्या वस्तीतल्या दोघीजणी गहू निवडत होत्या. संशय त्यांच्यावरच आला. पाटलीणबाईंनी चार लोकांत आईचं नाव घेतलं आणि सगळ्यांना मायकडे बोलावलं.

बाबा चिडले. "आपन बुद्धाचे लोक. त्या उंबऱ्यावर कायले जाऊन राह्यली?"

"नाई गेली त मीच घेतली म्हनतीन. मंग कोन बोलावीन मले वावरात? अन् पोरीले शाळेत चोट्टीची पोरगी म्हनतीन."

बाबा आले नाहीत. मी आईचा पदर धरून निघाले.

माय केस मोकळे सोडून घुमत होती. अंगात आलं की ती पाटलीणबाईंनाही "अवं पोरी" म्हणायची, आणि ते कोणाला खटकायचं नाही. चोरी शोधायची तिची रीत ठरलेली होती. प्रत्येकाने मूठभर माती घ्यायची, आतल्या अंधाऱ्या खोलीत एकट्याने जायचं, टोपलीत मूठ सोडायची. ज्याने वस्तू घेतली असेल त्याने ती मातीबरोबर सोडून द्यावी. देवी चोराचं नाव घेत नसे.

मायने विचारलं, "टोपली एक ठेवू का दोन, पोरी?"

"दोनच ठेव, माय," पाटलीणबाई म्हणाल्या. "त्याइचे हात आमच्या टोपलीत कायले?"

माझ्या मनगटावरची आईची बोटं घट्ट झाली.

आधी आमच्या बाया आत जाऊन आल्या, मग पाटलांच्या घरच्या सगळ्या. मायने चाळणी घेतली. आमच्या टोपलीतून नुसते खडे निघाले.

"आमच्या वाट्याले खडेच राह्यते, बाई," आमची शेजारीण म्हणाली. कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं, कारण दुसऱ्या टोपलीची माती चाळताना चाळणीत अंगठी वाजली होती.

पाटलांच्या घरच्या बाया एकमेकींकडे बघेनात. पाटलीणबाईंनी अंगठी उचलली. "भेटली ना, झालं. चाला, घरी पाव्हने बसले."

"थांबा बाई," आई म्हणाली. "चार लोकाइत माह्यं नाव घेतलं. आता चार लोकाइतच सोडा."

पाटलीणबाईंनी मायकडे पाहिलं. मायचे डोळे मिटलेले होते. "सोड, पोरी," ती म्हणाली.

"नाई तुह्यं नाव," पाटलीणबाई म्हणाल्या. मग अंगठी मुठीत घेत, "तुमच्यातल्या कोनाचंच नाई."

टोपल्यांचं देवीने विचारलं की मायने, हे मला अजून ठरवता येत नाही. गेल्या सुट्टीत आईला विचारलं तर म्हणाली, "कोनी का इचारलं असन, बरं इचारलं."

त्या दिवशी बाबा वस्तीच्या वळणावर उभे होते. आम्ही जवळ पोचेपर्यंत आईला धीर निघाला नाही. तिने लांबूनच ओरडून सांगितलं, आणि दारादारांत बसलेल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं.