शिंप्याची खालची फळी

गल्लीत कुजबुज अशी, की शिंप्याची बायको मेली तरी परसातल्या भिंतीतच राहते, आणि हा रोज सकाळी तिथे गुडघे टेकून तिची माफी मागतो. "'आलो गं, आलो' म्हणतो भिंतीला!" शेजारची धोबीण शपथेवर सांगे. "काय केलं असेल मेल्याने?" तिच्या कानांनी आजवर काय काय ऐकलंय, ते सोडाच.

शिंपी ताडमाड. परसात पावसाचं पाणी साठवणारा पर्जन्यमापक. रोज सकाळी ते पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, पात्र भिंतीवरच्या फळीवर ठेवायचं, आकडा हवामान कार्यालयाला कळवायचा. पगार नाही, सुट्टी नाही. इतक्या वर्षांत एकही खाडा नाही, म्हणून कार्यालयाने सत्कार ठरवला. आदल्या दिवशी साहेब जागा बघायला आले, सोबत सुतार.

"काका, या वयात गुडघे झिजवता? फळी वर घेऊ. आमच्याकडून भेट समजा."

सुताराने एक स्क्रू काढला. फळी कलली, आणि शिंप्याच्या कानाशी बायकोचा तोच रोजचा खट्याळ आवाज आला, "उंटोबा, वरून काय बघताय? खाली या!"

त्याने वळून पाहिलं. नुसती ओली भिंत. आवाज यायचा तो याच उंचीवरून. फळी गेली तर यायचा कुठून?

"साहेब, सत्कार राहू द्या. फळी ठेवा."

"अहो, पण एवढ्या नोंदी तुमच्या..."

"माझ्या कुठल्या? ती गेल्यानंतरच्या तेवढ्या. त्याआधी मी आपला आत मशीन बडवत होतो. अर्जावर नाव माझं, मोजायची ती."

पलीकडे धोबिणीचं आपटणं कधीच थांबलं होतं. सुताराने साहेबांना न विचारता स्क्रू पुन्हा पिळला.

सत्काराला गल्ली नटूनथटून आली. शिंप्याची खुर्ची रिकामी. तो परसात होता, भिंतीसमोर.

पात्रातलं पाणी डोळ्यांच्या रेषेत धरूनच वाचावं लागतं, वरून पाहिलं की आकडा चुकतो. फळी बायकोच्या डोळ्यांच्या उंचीवर ठोकलेली होती. बायको फार बुटकी होती. म्हणून तो गुडघे टेकायचा.