चिंचेने घासलेली बिदरी

दसऱ्याच्या आधी घरातलं प्रत्येक भांडं चिंचेने घासून काढायचं, ही माझी खोड. काळं काही दिसलं की हात शिवशिवतात. बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या तावडीतून एकच भांडं सुटलं होतं. सासऱ्यांचं बिदरीचं, मुघल काळातलं, हुक्क्याचं पाणी ठेवायचं भांडं. त्यांच्या पणजोबांपासून घरात असलेलं, मराठवाड्यातून इथे आलेलं. काळ्याभोर अंगावर चांदीची नाजूक फुलं. सासरे त्याला तेलाचं बोट लावून मऊ फडक्याने पुसत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

मोतीबिंदूमुळे दोन वर्षं त्यांना ती फुलं नीट दिसली नव्हती. ऑपरेशनसाठी ते आठवडाभर हडपसरला नणंदेकडे गेले आणि मला पुळका आला. म्हटलं, परत आल्यावर त्यांना भांडं लख्ख दिसू दे. चिंच, मीठ, घासणी. काळं पाणी वाहायला लागलं तेव्हा मी चक्क खूश झाले. तो मळ नव्हता, बिदरीचा रंगच होता, हे कळेपर्यंत भांडं राखाडी झालं होतं. चांदी जागच्या जागी होती, पण पांढरटावर पांढरी दिसणार कशी?

सासरे आले, चपला काढल्या आणि थेट भांड्याकडे गेले. खिडकीशी नेऊन त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं.

"फुलं दिसत नाहीत गं," ते म्हणाले. "मोठं दिसतंय, बारीक गेलं. ऑपरेशन फुकट गेलं वाटतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. वाटलं, उद्या सांगू. ते जेवले नाहीत. एकदा हा डोळा झाकून, एकदा तो, भिंतीकडे बघत बसले. मी समोर बसून वांगी चिरत होते.

सकाळी डॉक्टरकडे जायला रिक्षात बसलो, आणि सिग्नलला मला राहवेना.

"बाबा, डोळा नाही बिघडला. मी भांडं चिंचेने घासलं. रंग गेला."

चांगली बोलणी खायची माझी तयारी होती. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"म्हणजे डोळा शाबूत आहे," ते म्हणाले. "कालपासून मी आंधळ्याची काठी कुठे मिळते, तेच डोक्यात घोळवत होतो."

त्यांनी रिक्षावाल्याला मागे वळायला सांगितलं. ते सुटकेने हसत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.