डबल बेल

एकतीस वर्षं बसमध्ये उभ्याने काढल्यावर माणूस निवृत्त होतो, पाय होत नाहीत. कंडक्टरमामांचं तेच झालं. घरात सोफ्यापासून ओट्यापर्यंत नि ओट्यापासून सोफ्यापर्यंत त्यांच्या इतक्या फेऱ्या व्हायला लागल्या की शेवटी मामी म्हणाल्या, "अहो, बाहेर कुठेतरी जाऊन चाला. माझं डोकं गरगरायला लागलंय." म्हणून मामा दिव्यांग मंडळींना घोड्यावर बसवणाऱ्या गटात दाखल झाले. काम चालण्याचंच होतं. दर रविवारी सकाळी घोडीच्या कडेने चालायचं आणि स्वाराचा तोल गेला तर सावरायचं.

घोडी पांढरी, म्हातारी. सगळे तिला मावशीच म्हणत. मैदानावर धुकं असे. ओल्या मातीत टापांचा आवाज मऊ यायचा, मावशीच्या अंगाची ऊब खांद्याला लागायची आणि चार फेऱ्यांनंतर आपण चालतोय की झोपेत आहोत, हेच मामांना कळेनासं व्हायचं. त्या तंद्रीत त्यांचा हात आपलं जुनं काम करत राही. निघायचं असलं की खोगिरावर दोन थापा, थांबायचं असलं की एक. बसच्या पत्र्यावर त्यांनी जन्मभर हेच केलं होतं. मावशीने ते कधी उचललं, कुणालाच कळलं नाही.

कळलं ते नको त्या वेळी. टेलिफोनवाल्या ताई लाकडी पायऱ्यांवरून घोडीवर चढत होत्या. बावीस वर्षं एक्सचेंजमध्ये अखंड बोललेली बाई. पण पक्षाघाताने उजवी बाजू आणि वाचा एकदमच नेली होती. त्यांचा पाय अजून हवेतच होता आणि 'बसल्या' असं समजून मामांनी दोन थापा मारल्या. मावशी निघाली. ताई लोंबकळल्या. तिघांनी झेललं म्हणून निभावलं.

शिकवणारी तरुणी, जिला सगळे कॅप्टन म्हणत, पांढरीफटक पडली होती. "मामा, घोडीने फक्त स्वाराच्या 'चल'वर निघायचं. तुमच्या हातांना आवरा. पुन्हा असं झालं ना, तर येऊ नका."

मामांनी दोन्ही हात खिशात कोंबले. तिचं चुकत नव्हतं, हे तर आणखी वाईट. पण ताईंना 'चल' म्हणता कुठे येत होतं? ओठ हलत, गळ्याच्या शिरा ताठ होत, आवाज काही फुटत नसे. दहापर्यंत मोजून कॅप्टनच त्यांच्या वतीने म्हणे, आणि ताई मान फिरवून घेत. ते मान फिरवणं मामांना बघवत नसे.

पुढच्या रविवारी मामा मावशीच्या उजवीकडे उभे राहिले ते ताईंचा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरून. हातांचा काही भरवसा नव्हता. कॅप्टन पुढे दोरी धरून होती.

"म्हणा, ताई."

ओठ हलले. कॅप्टनने मनात मोजायला सुरुवात केली. सात, आठ... आणि ताईंचा डावा हात उचलला गेला. खोगिरावर दोन थापा पडल्या. मावशी निघाली.

"मामा!" कॅप्टन कडाडली.

"अगं, माझे हात बघ की!"

तिने हात पाहिले. मग ताईंचा हात पाहिला आणि दोरी सैल सोडली. तीन फेऱ्या झाल्या. धुक्यात कुंपण दिसत नव्हतं. पांढरी घोडी पांढऱ्यातच विरघळल्यासारखी झाली होती आणि वर ताई तेवढ्या तरंगत चालल्या होत्या. मग एक थाप. मावशी जागच्या जागी थांबली.

मामांना रडू आलं. कोपराने डोळे पुसायला ते जरा बाजूला झाले, तसा घोडीच्या डाव्या बाजूने चालणारा माणूस झटकन त्यांच्या जागी आला.

"उतरायचं, ताई?" कॅप्टनने विचारलं.

ताईंनी या वेळी मान फिरवली नाही. सरळ समोर बघत त्यांनी पुन्हा दोन थापा मारल्या.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मामांना मागे ठेवून गाडी सुटली, आणि नाक ओढत, हसत, ते तिच्यामागे धावले.